सही येणाऱ्या बाईचा अंगठा

निवृत्तीनंतर घरात माशा मारत बसण्यापेक्षा बरं, म्हणून मी ठाण्याच्या एका संस्थेचं सर्वेक्षणाचं काम घेतलं. अपंग माणसांना त्यांचे हक्क मिळतात का, लोक त्यांना कसं वागवतात, हे घरोघरी जाऊन विचारायचं. डोंबिवलीच्या शाळेत तीस वर्षं शिकवलेलं, त्यामुळे प्रश्न विचारायची सवय होतीच. ऐकायची किती होती, ते टिटवाळ्यात कळलं.

तिथल्या एका नव्या इमारतीत, तळमजल्यावर ती एकटी राहते. चाळिशीची, जन्मापासून दृष्टी नाही, कल्याणच्या एका ऑफिसात टेलिफोन सांभाळते. मुलाखतीआधी संमतीपत्र घ्यावं लागतं. मी ते वाचून दाखवलं, पिशवीतून शाईचं पॅड काढलं, तिचा अंगठा धरला आणि कागदावर उमटवला. बोट पुसून तिने चहा टाकला.

चहा पिता पिता अकराव्या प्रश्नावर आलो. वर्षभरात कुणी अपमान केला का?

"बँकेत. सही येते सांगितलं, तरी साहेबांनी अंगठाच घेतलेला." तिने पर्समधून पुठ्ठ्याची पट्टी काढून दाखवली. मधोमध एक चौकोन कापलेला. पट्टी कागदावर ठेवायची आणि त्या चौकोनात सही करायची. शाळेत असताना महिनोन् महिने घोटून ती हे शिकली होती.

"काय एकेक माणसं असतात!" असं म्हणत मी तावातावाने लिहून घेतलं. "आणखी कुणी?"

"तुम्ही, मॅडम. मघाशी."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "अहो, मला वाटलं, तुम्हाला सोपं जाईल."

"तो साहेब पण हेच बोललेला. लिहा ना."

हा फॉर्म ठाण्याला जाणार, तिथे माझ्या लेकीच्या वयाची आमची प्रमुख तो वाचणार. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! माझा हात काही पुढे होईना. मग मी जे केलं ते सांगायची आजही लाज वाटते.

"लिहिलं हं," मी म्हणाले.

"वाचून दाखवा."

कोऱ्या रकान्याकडे बघत, वर्गात धडा वाचावा तशा खणखणीत आवाजात मी वाचलं, "सर्वेक्षण करणाऱ्या बाईंनी न विचारता अंगठा घेतला."

ती चिडली नाही. कप खाली ठेवून म्हणाली, "मॅडम, बँकेचं लिहिताना तुमचं पेन केवढं करकरत होतं. आता आवाजच नाही आला."

मी पेन उचललं आणि तेच वाक्य लिहून काढलं, शेवटच्या अक्षरापर्यंत तिला ऐकू जाईल इतकं दाबून.