कहूच्या सालीचा काढा

भासऱ्यांशी, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाशी, मी लग्न झाल्यापासून एक शब्द बोलले नव्हते. भांडण नव्हतं, रीत होती. ते अंगणात आले की डोक्यावर पदर घ्यायचा, आत सरकायचं आणि काही सांगायचं असेल तर ह्यांच्यामार्फत सांगायचं. भासरे बाजूच्याच घरात राहतात. त्यांचा नंबर माझ्या मोबाईलमध्ये आहे, पण तो मी कधी लावला नाही. धामणगाव बढ्यात माझ्या वयाच्या कितीतरी बाया अजून अशाच वागतात. त्याला मान ठेवणं म्हणतात.

ह्यांच्या छातीत दुखलं म्हणून बुलढाण्याला नेलं, रक्ताच्या नळीत स्प्रिंग टाकली, तेव्हा डॉक्टरबाईंनी बजावलं होतं, "कोलेस्टेरॉलची ही गोळी रोज रात्री घ्यायची. रिपोर्ट चांगला आला तरी बंद करायची नाही." ह्यांनी मान डोलावली. पुढचा रिपोर्ट खरंच चांगला आला आणि तिथेच माशी शिंकली.

रिपोर्ट पाहून भासरे म्हणाले, "कमी झालं ना आता? मंग कायले खातं रोज? अशानं लिव्हर जाते." दुसऱ्याच दिवशी ते नाल्याकाठच्या कहूची साल घेऊन आले. कहू म्हणजे अर्जुनाचं झाड. त्याची साल हृदयाला चांगली, असं आमच्याकडे सगळेच सांगतात. पण भासऱ्यांनी वर पथ्य लावलं, काढा सुरू तर गोळी बंद. "एकाच दुखण्याच्या दोन दवाया पोटात भांडतात," म्हणे.

माझा राग झाडावर नाही. सालीत गुण असेलही. मी डॉक्टरबाईंना फोन केला, तेव्हा त्यासुद्धा काही वेडंवाकडं बोलल्या नाहीत. "काढा प्यायचाच असेल तर आधी मला दाखवा, बाकीच्या औषधांबरोबर चालतो का ते पाहू. पण त्याच्या भरवशावर गोळी सोडू नका." एवढं साधं बोलणं. मी ते ह्यांच्या कानी घातलं, घालतच राहिले. रात्री पाण्याच्या तांब्याशेजारी गोळी ठेवायची आणि सकाळी तिथूनच उचलायची. "दादा सांगून राह्यला म्हणजे काही विचार करूनच सांगत असन ना," हे म्हणायचे. दादानं काय ह्यांचं हृदय उघडून पाहिलं होतं?

आणि काढा करायचा कोणी? मी. साल कुटायची, पाणी अर्धं आटेपर्यंत गॅसजवळ उभं राहायचं, गाळून पेला हातात द्यायचा. ठरवणारे ते, पिणारे हे आणि राबणारी मी. त्या तुरट वासानं डोकं उठायचं. अंगणातून भासरे विचारायचे, "घेतला का बे काढा?" हे म्हणायचे, "हाव दादा." मी आत दात-ओठ खात उभी. तोंडाशी आलेलं बोलणं पदराआड गिळायचं. त्या रीतीचा मला इतका संताप आधी कधी आला नव्हता.

शेतात मिरचीची तोडणी चालू होती आणि हे चालता चालता बांधावर खाली बसले ते उठलेच नाहीत. पुन्हा गाडी, पुन्हा बुलढाणा, पुन्हा तीच खोली. कोलेस्टेरॉल पहिल्यापेक्षाही वर गेलेलं. "गोळी चालू आहे ना?" डॉक्टरबाईंनी विचारलं. हे छताकडे पाहत राहिले.

थोडक्यात वाचले. संध्याकाळी भासरे आले. पिशवीत काढ्याची बाटली होती. सवयीनं मी पदर घेऊन खाटेच्या पायथ्याशी सरकले. ह्यांच्या कपाळावर हात ठेवून ते म्हणाले, "काढा कच्चा राह्यला असन बे. नीट आटवला नसन. आज मी घरून आटवून आणला."

माझं डोकंच फिरलं. मी त्यांच्या पुढ्यात जाऊन उभी राहिले. त्यांना हाक काय मारावी तेही कळेना, कारण कधी मारलीच नव्हती. मग तशीच बोलले.

"काढा कच्चा नव्हता. रोज मीच आटवत होती. गोळी बंद होती. तुम्ही बंद केली."

भासरे खाली फरशीकडे पाहत होते. नर्स ठेवून गेलेली गोळी मी उचलली आणि त्यांच्या तळहातावर ठेवली.

"आता तुम्हीच द्या. माह्या हातानं घेत नाहीत ते."

"घे बे," ते हळूच म्हणाले. ह्यांनी लगेच तोंड उघडलं, गोळी गिळली, वरून पाणी प्यायलं. कायले नाही, काऊन नाही, एक प्रश्न नाही.

आता रोज जेवणं झाली की भासरे येतात, गोळी देतात आणि जातात. मी पदर घेत नाही, तेही काही म्हणत नाहीत. रिपोर्ट सुधारतोय. गोळी तीच आहे, पाणीही मीच भरून ठेवते, फक्त देणारा हात दुसरा आहे. नवरा वाचला याचं समाधान मला आहेच. पण त्या हातातून ते मुकाट्यानं गोळी घेतात, ते पाहिलं की अजूनही माझ्या अंगाची लाही लाही होते.