लाल दोऱ्याचं घड्याळ

राहनाळच्या सगळ्या गोडाऊनांत माझ्यासारखी नजर कोणाची न्हाय. फक्त वाचता येत न्हाय, तेवढं सोडा. हे पण मी तोंडानं सांगतोय, लिहितंय दुसरं कोणी.

कापडाचे लूम बंद पडले तेव्हा मी एका शेठकडं घड्याळं तपासायला लागलो. भारी परदेशी घड्याळांची नक्कल, फर्स्ट कॉपी. पहिल्या दिवशी शेठनी विचारलं, "इंग्लिश आती है ना?" मी बोललो, "चलती है, शेठ." झालं. त्यानं मला तबकडीवरचं नाव तपासायला बसवला. म्हंजे आंधळ्याला राखणीला.

पण माझी पद्धत होती. शेठनी एक बरोबर घड्याळ नमुना म्हणून दिलेलं. ते डाव्या हाताला ठेवायचं, माल उजव्या हातानं घ्यायचा, आन अक्षरं चित्रासारखी जुळवायची. शिडी, मग कडं, मग गळ, मग तराजू. शिडीच्या जागी तराजू आला की पीस बाद. त्या मालात असल्या चुका ढीगभर. बनवणारा पण माझाच भाऊ असणार. नमुना मालात मिसळू नये म्हणून मी त्याला लाल दोरा बांधला, जत्रेच्या बोकडाला बांधतात तसा.

माझ्या शेजारी दोघं शिकलेले बसायचे. त्यांच्या हातून चुका सुटायच्या. वाचणाऱ्याला वाटतं, नाव ओळखीचं हाय, बरोबरच असणार. माझी कुठल्याच अक्षराशी ओळख न्हाय, त्यामुळं माझा कोणावर भरोसा पण न्हाय. शेठ त्यांना म्हणायचा, "देखो, इसको बोलते हैं चेकर." मी फुगायचो.

मग मुलीचा साखरपुडा ठरला. जावई खारबावचा, शाळेत मास्तर. साखरपुड्याला जावयाला घड्याळ घालायची आमच्यात रीत. शेठकडून एक पीस मागून घेतला आन नमुन्याशी तीनदा जुळवला. मांडवात जावयाच्या मनगटावर बांधताना मोठ्यानं बोललो, "हे मी स्वतः पास केलंय. हजारात एक!" लोक हसले, टाळ्या वाजल्या. मी बेंजोच्या तालावर नाचलो पण. मुलगी तेवढी खाली बघत होती. मला वाटलं, लाजली.

चार दिवसांनी शेठनी एक खोका माझ्या टेबलावर आपटला. माल परत आलेला.

"ये क्या पास किया? सब में दो अक्षर उल्टे हैं!"

मी नमुना उचलला. लाल दोरा त्याच्यावरच होता. आन मग आठवलं. साखरपुड्याच्या आदल्या आठवड्यात पुसता पुसता दोरा निसटलेला. समोर दोन घड्याळं पडलेली, माझ्या एका हातात शेंगदाणे. घाईत एकाला बांधून टाकला. चुकलेल्याला. तेव्हापासून तीच चूक असलेलं सगळं पास, आन बरोबर होतं ते सगळं बाद.

"पढ़ना आता है कि नहीं?"

"नहीं, शेठ."

शेठनी मला पॅकिंगला टाकला. त्याचं दुःख न्हाय, टेप लावायला अक्षर लागत न्हाय. पण जावयाचं घड्याळ त्याच आठवड्यातलं. मास्तर माणूस, पोरांच्या वह्यांतल्या चुका काढणार, आन मनगटावर सासऱ्याची चूक. माझी मुलगी त्या घरात नांदायला जाणार होती. तिथं कोणी हसलं तर खाली मान तिला घालायला लागणार. सांगून टाकावं, असं रोज वाटायचं. पण सांगायचं म्हंजे मांडवातलं सगळं बोलणं परत गिळायचं. लग्न झालं, वर्ष होत आलं, मी गप्पच. एरवी मी गप्प बसावं म्हणून लोक मला चहा पाजतात.

मुलगी सहावीत होती तेव्हा ओट्यावर खडूनं एबीसीडी काढून मला शिकवायला बसली होती. तिसऱ्याच अक्षराला मी बोललो, "हा तर विळा हाय, आईला दे, गवत कापील." ती हसली. मग खडू घेऊन उठली. परत कधी बसली न्हाय, आन मी पण बोलावली न्हाय.

गेल्या महिन्यात न सांगता खारबावला गेलो. जावई ओटीवर वह्या तपासत होता. मनगटावर साधं काळ्या पट्ट्याचं घड्याळ. मला बघितल्याबरोबर उठला, "या मामा, बसा," बोलून आत गेला, आन बाहेर आला तो माझं घड्याळ बांधून. घाईत पट्टा पण नीट लागला नव्हता. माझ्या तोंडचं पाणी पळालं.

मग मुलगी पाणी घेऊन आली. जावई चहाचं सांगायला आत गेला तेवढ्यात तिला विचारलं, "त्या घड्याळात चूक हाय. तुला ठाव हाय?"

"साखरपुड्यालाच दिसली."

"आन जावयाला?"

"त्यांना पण. तू आलास की घालतात. माझ्यासाठी."

"मग बोलली का न्हायस मला?"

"तू मांडवात नाचत होतास, बाबा. कसं बोलणार?"

मला रडू फुटत होतं, म्हणून मी छाती पुढं काढली. "थांब तू. शेठकडून दुसरं आणतो. या टायमाला मी स्वतः तपासून..."

तिनं माझ्या हातातला ग्लास काढून घेतला. अजून अर्धं पाणी होतं.

"बाबा, तू आता काय पण पास करू नको."