आत्याबाई हळू बोलायच्या

नागपुरात मला आसरा दिला तो आत्याबाईंनी, हे आधी सांगते, बाकीचं नंतर. मी सांगलीकडची, नववीतच शाळा सुटलेली. धंतोलीतल्या एका दवाखान्यात आयाचं काम मिळालं म्हणून एकटी आले. एकट्या पोरीला खोली कोण देतं? आत्याबाईंनी आपल्या दोन खोल्यांतली एक दिली. मी दारातच पिशवी छातीशी धरून उभी. म्हणाल्या, "काहून वं, भेऊन राहिली? माह्यं भांडण टीव्हीपुरतं."

घरोघरी एकच चॅनेल दिसायचं तेव्हाच्या एका मालिकेत त्या खाष्ट आत्या झाल्या होत्या. मालिका संपली, नाव चिकटलं. भाजीवाला वांगी हातात धरून म्हणायचा, "आधी रागवा, आत्याबाई, मंग तोलतो." मग त्या पदर खोचून मालिकेतलं वाक्य टाकायच्या, "तोंड धुवून ये, मग माझ्याशी भांड!" शेवटचं 'भांड' इतकं हळू, की हसणारा एक पाऊल मागे सरायचा. मला सांगायच्या, "ओरडलं त माणूस हासते. हळू बोललं त भेते." पेशंटचे नातेवाईक अंगावर आले की मी अजून तेच करते.

मग त्या मालिकेवर सिनेमा निघाला. मुंबईहून फोन आला, जुने फोटो मागितले. आत्याबाईंनी अल्बममधले सगळे काढून पाठवले आणि नवा ब्लाउज शिवायला टाकला. "फोटो पाह्यले की बलावतीनच मले." बोलावणं आलं नाही. फोटोही परत आले नाहीत.

सिनेमा आम्ही दोघींनी पाहिला. पांढऱ्या केसांचा टोप घातलेली एक तरुण नटी आत्या झाली होती. पातळ तसंच, अंबाडा तसाच, चष्म्याची दोरीसुद्धा फोटोतली. वाक्य मात्र तिनं किंचाळून म्हटलं. थिएटर हसून लोळलं. आत्याबाई एवढंच म्हणाल्या, "पदर बराबर खोचला पोरीनं."

खरा घाव पुढेच बसला. भाजीच्या गाडीवर त्यांनी नेहमीसारखं वाक्य म्हटलं, तर शेजारची एक शाळकरी पोरगी म्हणाली, "आजी, असं नसते! जोरात म्हणा लागते. सिनेमा नाही पाह्यला का?" सगळे हसले. भाजीवालाही. आत्याबाई हसून म्हणाल्या, "हो वं, चुकलंच माह्यं."

त्या पोरीवर माझा राग नाही, तिला काय ठाऊक? भाजीवाल्यावर आहे. त्याला ठाऊक होतं. त्यानंतर ते वाक्य त्यांच्या तोंडून आलं नाही, आणि कुणी मागितलंही नाही.

पुढे जिना झेपेना म्हणून पुतण्यानं त्यांना अमरावतीला नेलं. मी भेटायला गेले तेव्हा पुतण्याची सून शेजारणीला सांगत होती, "टीव्हीत होत्या म्हणे आमच्या आजी." आत्याबाई मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडलेल्या.

मी आता तळमजल्यावर खोली शोधतेय. आत्याबाई, मला घरात घेताना तुम्ही कुणाला विचारलं नव्हतं. खोली मिळू दे, मीही कुणाला न विचारता तुम्हाला घ्यायला येईन. तोवर गोळ्या वेळेवर घ्या.