येईलबाई आणि पहिली तपासणी

बसस्थानकावर चौकशीच्या खिडकीत बसून जिने सारी नोकरी एकाच उत्तरावर काढली, तिला लोक त्या उत्तराच्याच नावाने हाक मारू लागले तर नवल नाही. "गाडी येईल का हो?" "येईल." एवढंच. ड्रायव्हर कामावर येताना खिडकीत डोकावून विचारायचे, "येईलबाई, आज मी येणार आहे का?" बाई मान वर न करता म्हणायच्या, "येईल."

खोटं बोलावं असं त्यांच्या मनात कधी आलं नाही. आगारप्रमुखांचा नियमच तसा होता. रद्द झाल्याचा कागद हातात पडेपर्यंत गाडी रद्द नसते. आणि तो कागद वरच्या मजल्यावरून खाली यायला पुष्कळदा गाडीपेक्षा जास्त वेळ घ्यायचा. तोवर प्रवाशांनी काय करायचं? धीर धरायचा. धीर देणं बाईंच्या हातात होतं, तो त्या देत.

घरीही तीच खिडकी उघडी असे. नळाला पाणी आलं नाही, भिंतीला ओल आली, मुलीला गणितात कमी गुण पडले, काहीही होवो, बाईंचं म्हणणं, "ठीक आहे. होईल." त्यांचे यजमान म्हणत, "हिला विचारून कळत काही नाही, पण ऐकून बरं वाटतं." संध्याकाळी देवापुढे हात जोडले की बाई त्यालाही हेच सांगत. सगळं ठीक आहे, तुझी कृपा. मागणं काही नाही, गाऱ्हाणं काही नाही. देवाला सगळं ठाऊक असतं ही त्यांची श्रद्धा होती. पण ठाऊक असणं वेगळं आणि आपल्या तोंडाने सांगणं वेगळं. एक गोष्ट त्यांनी देवालाही तोंडाने सांगितलेली नव्हती.

बाई निवृत्त झाल्या आणि पुढच्याच वर्षी लेकीला दिवस गेले. लेक चष्म्याच्या दुकानात काम करते. दिवसभर लोकांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावते आणि "आता बरं दिसतंय की मघाशी?" असं विचारते. त्यामुळे गोलमोल उत्तर तिला खपत नाही. प्रसूतिगृहात पहिल्या तपासणीला जायचं ठरलं तेव्हा तिने आईला आधीच बजावलं, "ये तू. पण उत्तरं मी देणार."

"दे की. मी कशाला बोलतेय?"

"आणि काही आणू नकोस."

बाईंनी फारसं काही आणलं नाही. थर्मास, रुमाल, बिस्किटं, मोज्यांचा जोड आणि जॅमची रिकामी बाटली. सकाळची पहिली लघवी न्यावी लागते असं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. बाटली त्यांनी आदल्या दिवशीच जावयांच्या हाती पोचवली होती. ती आता भरलेली होती, जावई ती कागदी पिशवीत घालून दोन्ही हातांनी धरून बसले होते, आणि बाटलीवर अजून 'मिश्र फळे' असं लिहिलेलं होतं.

प्रसूतिगृहाचा बाहेरचा पॅसेज लांबट होता. एका भिंतीला बाक, समोर बाळाला पाजायचं कसं याचं चित्र, कोपऱ्यात वजनकाटा. आतून शिकलेली सुईण आली. सगळे तिला सिस्टर म्हणत. उंच, सावकाश बोलणारी, खिशात तीन पेनं.

"पिशवीत काय आहे?" तिने जावयांना विचारलं.

"नमुना," जावई म्हणाले.

सिस्टरने आत पाहिलं, लेबल वाचलं. "बाटली आम्ही इथे देतो. स्वच्छ असते, झाकणाची असते. आणि नमुना आत्ताचा लागतो. हे तिकडे ओता, बाटली धुवा, घरी न्या. चला हो, तुम्ही दोघी आत या."

जावई बाटली घेऊन गेले.

आत टेबल, दोन खुर्च्या आणि पडद्यामागे एक पलंग. सिस्टरने लेकीला समोर बसवलं, बाईंना बाजूला. पाळी शेवटची कधी आली ते विचारलं. लेकीने तोंड उघडायच्या आत बाई म्हणाल्या, "तिची पाळी घड्याळासारखी आहे."

"तारीख," सिस्टर म्हणाली.

लेकीने तारीख सांगितली. सिस्टरने पुठ्ठ्याची एक गोल चकती फिरवली आणि बाळंतपणाचा अंदाज काढला. "त्या दिवशीच येईल असं धरून बसू नका. पुढेमागे होतं."

"येईल," बाई म्हणाल्या.

"आई," लेक म्हणाली.

मग वजन झालं, उंची झाली, दंडाला पट्टा गुंडाळून रक्तदाब झाला, रक्त काढून झालं. कोणतं औषध चालू आहे, काम उभ्याने की बसून, खाणंपिणं जातंय का, घरात कोणी विडी-सिगारेट ओढतं का. लेकीला मळमळ होत होती, ती तसं म्हणाली. बाईंनी पुस्ती जोडली, "पण तशी ठीक आहे."

"मावशी, मळमळ तुम्हाला होतेय का?" सिस्टरने आवाज न चढवता विचारलं.

"नाही."

"मग तिला सांगू दे."

बाळाचे ठोके आज ऐकायचे का, असं लेकीने हळूच विचारलं. सिस्टर म्हणाली, अजून लवकर आहे; यंत्र लावलं आणि ऐकू आलं नाही तर माणूस उगाच हाय खातो, सोनोग्राफीत दिसेलच. बाई म्हणाल्या, "ऐकू येतं, येतं." या वेळी दोघींनीही त्यांच्याकडे पाहिलं नाही.

सिस्टरने कागद उलटला. "आता घराण्याचं. साखरेचा आजार कोणाला? जुळी? आईला किंवा बहिणीला गरोदरपणात रक्तदाब वाढणं, अंगावर सूज, झटके, असं काही?"

"बहीण नाही मला," लेक म्हणाली. "मी एकटीच. आईचं मात्र…" आणि ती आईकडे वळली. एवढ्या वेळात पहिल्यांदाच तिला आईचं उत्तर हवं होतं.

"काही नाही," बाई म्हणाल्या. "सगळं ठीक झालं."

सिस्टरने 'नाही' या शब्दावर खूण केली. पेनाचा आवाज होण्याचं कारण नव्हतं, तरी बाईंना तो ऐकू आला.

"आता तुम्ही जरा बाहेर बसा, मावशी. पुढचं मी पेशंटशी एकटीशी बोलते."

"मी आई आहे तिची."

"म्हणून तर सांगते. नवऱ्याला, सासूला, आईला, सगळ्यांनाच पाठवते. परवा एका सासूबाईंना पाठवलं, तर त्यांना वाटलं आत त्यांची तक्रार होणार."

"झाली का?"

"ते दाराच्या आतलं."

बाई बाहेर येऊन बाकावर बसल्या. शेजारी जावई धुतलेली बाटली मांडीवर ठेवून समोरचं चित्र वाचत होते. ते त्यांचं वाचून कधीच झालं असावं, कारण ओठ आपोआप हलत होते.

"आई, आत सगळं ठीक ना?"

बाईंच्या तोंडून 'ठीक' निघालं. ते अडवायची सवयच नव्हती.

जावयांनी श्वास सोडला. "बरं झालं. मी उगाच घाबरत होतो. ही म्हणालीच होती मला, तुमच्याकडे सगळ्यांची बाळंतपणं सरळ झालीत म्हणून. तुम्ही सांगितलंत, आता माझी काळजी मिटली." आणि त्यांनी बिस्किटाचा पुडा फोडला.

काळजी मिटलेल्या माणसाशेजारी बसणं बाईंना एकदम जड झालं. खिडकीत बसल्यावर धीर घेऊन गेलेला माणूस पुढे कुठे जातो ते दिसत नसे. हा इथेच बसून बिस्किट खात होता.

त्यांना एक म्हातारे गृहस्थ आठवले. नोकरीच्या शेवटच्या दिवसांत कधीतरी दुपारी खिडकीशी आले होते. "गाडी येईल का?" "येईल." थोड्या वेळाने पुन्हा आले, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा आले तेव्हा त्यांनी काचेवर कपाळ टेकलं आणि म्हणाले, "बाई, गाडी नसेल तर नाही म्हणा. मला राग येणार नाही. मला चालता येतं. पण चालायला उजेड लागतो मला." कागद खाली आला नव्हता. बाई म्हणाल्या, "येईल." कागद आला तेव्हा दिवे लागले होते. म्हातारा पिशवी उचलून निघाला. त्या दिवसापासून 'उजेड लागतो' हे दोन शब्द बाईंच्या जेवणात मधूनच खड्यासारखे लागत.

त्या उठल्या. जावई म्हणाले, "काही हवंय का?" बाईंनी दारावर टकटक केली.

"झालंच आमचं," आतून सिस्टर म्हणाली. "या."

बाई आत गेल्या, पण बसल्या नाहीत. "मघाचं एक उत्तर चुकलं," त्या म्हणाल्या, आणि पुढचं सगळं त्यांनी स्थानकावर गाड्या पुकारायच्या त्या माईकवरच्या आवाजात सांगितलं, कारण ज्यात भर घालता येत नाही असा तेवढाच एक आवाज त्यांच्याकडे होता. "हिच्या आधी एक होती. मुलगी. आठवा महिना होता. पाय सुजले, डोकं फुटायला आलं, डोळ्यांपुढे ठिणग्या यायच्या. सासूबाई विचारायच्या, बरं आहे ना? मी म्हणायचे, ठीक आहे. मग झटके आले. दवाखान्यात नेलं. मी राहिले. ती राहिली नाही."

पडद्यामागे नळ थेंब थेंब गळत होता.

"घरात ठरलं की झालं ते झालं, पुन्हा तोंडातून काढायचं नाही," बाई म्हणाल्या. "आम्ही दोघांनीही नाही काढलं. पोटात ठेवलं."

सिस्टरने मघाची खूण खोडली. "आणि हिच्या वेळी?"

"हिच्या वेळी ठीक…" बाई थांबल्या. तो शब्द सोडून पुन्हा सुरू केलं. "शेवटी शेवटी बीपी वाढलं होतं. गोळ्या दिल्या होत्या. झटके नाही आले."

"बसा आता," सिस्टर म्हणाली. बाई बसल्या. सिस्टर लेकीशी बोलू लागली, तितकीच सावकाश. "घाबरायचं नाही. आज तुमचा रक्तदाब चांगला आहे. आईला झालं म्हणजे तुम्हाला होईलच असं नाही. पण तुमचं पहिलंच बाळंतपण, त्यात आईला हा त्रास, अशा दोन गोष्टी जमल्या की डॉक्टर बाराव्या आठवड्यापासून रोज एक छोटी गोळी देतात. त्यांना मी आजच दाखवते. रक्तदाब आणि लघवी आपण जास्त वेळा बघू. आणि डोकं दुखलं, डोळ्यांपुढे चमकलं, तोंड-हात सुजले, तर कोणालाही ठीक आहे म्हणायचं नाही. सरळ इथे यायचं, वेळ कोणतीही असो. हे गोळीची वेळ जायच्या आधी कळलं ते बरं झालं."

"म्हणजे उशीर नाही झाला?" बाईंनी विचारलं. आजवर लोक त्यांना विचारत आले होते. त्यांनी कोणाला विचारायची ही पहिलीच वेळ असावी.

"या गोष्टीला नाही," सिस्टर म्हणाली.

लेक आईकडे पाहत होती. चष्म्याच्या दुकानात नवी काच लावून माणसाकडे पाहावं तशी. रागावेल असं बाईंना वाटलं होतं. रागावली असती तर सोपं गेलं असतं.

"म्हणजे मी दुसरी," लेक म्हणाली.

"हो."

"आणि मला लहानपणी साधा ताप आला तरी तू रात्रभर माझ्या पायांवरून हात फिरवत बसायचीस. मला वाटायचं पाय दाबतेस."

"सूज बघायचे," बाई म्हणाल्या.

बाहेर आल्यावर जावई उठून उभे राहिले. एका हातात बाटली, दुसऱ्या हातात पुडा. "काय म्हणाल्या? सगळं ठीक?"

उत्तर लेकीने आईवर सोडलं, आणि तेही मुद्दाम, हे बाईंना कळलं.

"आजचं ठीक आहे," बाई म्हणाल्या. "पुढचं माहीत नाही. लक्ष ठेवावं लागेल. काय काय ते सांगते, आधी चला." जावयांच्या तोंडातलं बिस्किट तिथेच थांबलं. पण ते पळून गेले नाहीत की मटकन खालीही बसले नाहीत. ते म्हणाले, "बरं. सांगा मग." बाईंना याचं थोडं आश्चर्यच वाटलं.

तिघं बसच्या थांब्यावर येऊन उभी राहिली. बाईंनी सगळं सांगितलं, जावयांनी मध्ये मध्ये 'म्हणजे?' विचारलं, आणि प्रत्येक 'म्हणजे'ला उत्तर मिळालं. मग जावई भाड्याचे सुटे पैसे आणायला समोरच्या दुकानात गेले.

"आई," लेक रस्त्याकडे बघत म्हणाली, "तिचं नाव ठेवलं होतंत का?"

"दवाखान्यात कोणी ठेवत नाही."

"तू ठेवलं होतंस का?"

गाडी दूर वळणावर दिसायला लागली होती. बाईंनी आधी ती नीट पाहून घेतली. मग लेकीच्या कानाशी तोंड नेलं आणि जे त्यांनी देवालाही सांगितलं नव्हतं, ते नाव सांगितलं.

"छान आहे," लेक म्हणाली.

जावई धावत आले. "हीच ना आपली गाडी?"

"बघून सांगते," येईलबाई म्हणाल्या, आणि पाटी वाचता येईपर्यंत काही बोलल्या नाहीत.