सुईला दुसरा माणूस लागतो

परवा पुण्याच्या डॉक्टरीणबाईंनी कागद पुढे ओढून त्यावर चार चौकोन काढले. गोळी, सुई, पट्टी, जेल. बाईपणाचं हार्मोन अंगात घालायच्या या चार वाटा, आणि माझ्या वयाला आता यातली कुठली बरी ते त्या समजावत होत्या. पट्टी पोटाला चिकटवायची, दर तीन-चार दिवसांनी बदलायची. मी विचारलं, घामाने सुटत नाही का? सुटते कधीकधी, त्या म्हणाल्या. म्हणजे महाडच्या मे महिन्यात ती माझ्या पोटावर कमी आणि एसटीच्या सीटवर जास्त सापडली असती. जेल दंडाला चोळायचं, आणि वाळेपर्यंत तिथे कुणी शिवायचं नाही. हे पथ्य आमच्या बौद्धवाडीच्या आज्यापणज्यांनी जन्मभर पाळलं होतं, तेही औषधाशिवाय. पण हे मी बोलले नाही. बाई चांगल्या आहेत.

माझ्या वेळी चौकोन दोनच होते. ऐंशी साल उलटलं होतं. मी पोलादपूरला एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होते आणि महाडजवळच्या वाडीतून रोज एसटीने जात होते. लोकांच्या लेखी मी कंपाउंडर मुलगा. माझ्या लेखी मी तेव्हाही हीच होते, फक्त पॅंट घालून.

सुरुवात गोळीने केली. कुटुंबनियोजनाची पाकिटं दवाखान्यात पडून असायची, कारण ती घ्यायला बायका लाजत आणि देताना डॉक्टर लाजत. त्यात बाईचंच हार्मोन असतं, म्हणून मी रोज एक गोळी गिळू लागले. गोळीचा गुण असा की ती एकट्याने घेता येते. खिशात मावते, पाण्याच्या एका घोटाबरोबर जाते, कुणाला काही सांगावं लागत नाही. दोष असा की आंबेनळी घाट चढताना लोकांना जे होतं, ते मला महाड-पोलादपूरच्या सरळ रस्त्यावर होऊ लागलं. कंडक्टरने माझी खिडकीची जागा कायम करून टाकली.

वर्षभराने पोटरी दुखू लागली. डॉक्टरांनी दाबून पाहिली आणि विचारलं, काय खातोस? मी खरं सांगून टाकलं. ते बराच वेळ स्टेथोस्कोप गुंडाळत बसले. मग म्हणाले की या गोळ्या यकृतातून जातात आणि रक्त घट्ट करतात, गाठ झाली तर जीव जाईल, आजपासून बंद. पोटरी बरी झाल्यावर त्यांनीच मुंबईहून दुसरं औषध आणवलं. तेलातलं, कुपीतलं, पंधरा दिवसांतून एकदा कमरेखाली टोचायचं. पण टोचणार मात्र मी नाही, म्हणाले. गावात कळलं तर दवाखान्याला कुलूप लागेल.

गंमत बघा. उमरठपासून माणसं चालत यायची आणि गोळी दिली की रुसायची. त्यांना सुईच हवी असे. अशा शेकडो लोकांना मी हाताने सुई दिली होती. स्वतःच्या कमरेत मात्र मला देता येईना. एकदा मांडीत देऊन पाहिली आणि दोन दिवस खुरडत चालले. तेव्हा कळलं की गोळीत आणि सुईत खरा फरक यकृताचा नाही. सुईला दुसरा माणूस लागतो.

दुसरा माणूस म्हणजे आई. ती शेतावर मजुरीला जायची आणि वाडीतल्या सगळ्यांच्या पायातले काटे काढायची. हात असा स्थिर की लहान पोरंही रडत नसत. मी तिला सांगितलं, अशक्तपणाची सुई आहे, डॉक्टरांनी दिली आहे. तिने चार दिवस तवशावर, म्हणजे आमच्याकडच्या मोठ्या काकडीवर, हात बसवला. ते तवसं मग आम्ही खाल्लं नाही. पुढे दर पुनवेला आणि अवसेला ती तपेल्यात काचेची पिचकारी उकळायची आणि मी बाकड्यावर पालथी पडायचे.

सहा महिन्यांत माझे गाल भरले, कातडी मऊ झाली. आई हरखली. पोरगं बाळसं धरतंय म्हणून वाडीभर सांगत सुटली. पाण्यावर, नाक्यावर, सगळीकडे माझ्या सुईची कीर्ती. मी ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. तिथेच चुकलं.

शेजारच्या काकीचा मुलगा मुंबईची नोकरी सोडून परत आला होता, वाळून काडी झाला होता. शिवथरचे पाहुणे त्याला बघायला येणार होते. पुनवेच्या सकाळी मी पाणी भरून आले तर तो आमच्या बाकड्यावर पालथा, पायजमा खाली, आणि आईच्या हातात भरलेली पिचकारी. "अर्धी त्याला, अर्धी तुला," ती म्हणाली. "दोघं बी गुटगुटीत होवा."

मी तिला हाताला धरून मागल्या पडवीत नेलं आणि सांगितलं, "आई, ही ताकदीची सुई नाय. बाईचं अंग करायचं औषध हाय. मला बाई व्हायचंय, म्हणून मी घेते."

ती आत गेली, त्याला सांगितलं सुई वाकली, घरी जा, अंडी खा. मग विळा घेऊन गवताला निघून गेली.

दिवसभर मी त्या पिचकारीसमोर बसून राहिले. मला भीती वाटत होती. गोळी बंद होती, डॉक्टर हात लावणार नव्हते. आईने हात काढला की सगळं इथेच थांबणार होतं, आणि कदाचित या घरात माझं राहणंही.

संध्याकाळी तिने भारा टाकला. उभ्यानेच विचारलं, "मंजे हे समदं मी केलं?"

होय म्हटलं.

"माझ्या हातानं?"

होय.

तिने माझ्याकडे पाहिलं, पायात काटा कुठे आहे ते पाहायची तसं. मग सकाळचं औषध ओतून दिलं आणि तपेलं चुलीवर चढवलं. पाणी उकळल्यावर मी नवी कुपी फोडली आणि पिचकारीत अर्धंच औषध ओढलं. त्या दिवशी तिच्याकडे पुरं काही मागायचं धाडस मला नव्हतं. तिने पिचकारी उजेडात धरली.

"कुनाच्या पायात मी अर्धा काटा ठेवलाय का कदी?" ती म्हणाली. "पुरी भर."

पुढे चौदा वर्षं एकही पुनव चुकली नाही, एकही अवस चुकली नाही. मग तिचेच हात थकले.

डॉक्टरीणबाईंनी शेवटी विचारलं की सुई ठरवली तर टोचायला घरी कुणी आहे का. मी नाही म्हटलं. त्यांनी जेलच्या चौकोनावर खूण केली.