इंग्रजाचा चुना आणि बोरी अरबचं वावर

आपल्या हातून चूक होतच नाही, असं मानणाऱ्या बाईची चूक ऐकायची आहे? मग चहा ओता आणि ऐका.

व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या एका प्रगतिशील इंग्रज शेतकऱ्याच्या रोजनिशीवर मी पीएच.डी. केली. सहा वर्षं! हा गृहस्थ शेतात चुना पसरायचा आणि त्याचा गहू शेजाऱ्यांच्या डोळ्यांत खुपायचा. मग आमच्या गावी, बोरी अरबला, आमच्या वावरात हे का घडू नये?

धाकटा भाऊ विनोद म्हणाला, आपल्या जमिनीत चुना आहेच, सगळे सांगतात. मी विचारलं, पुरावा? बिचारा एक एकर देऊन मोकळा झाला.

प्रयोग म्हटला की काटेकोरपणा आला. एका पट्टीत चुना, शेजारची कोरी, तरच तुलना. रस्त्यालगतच्या त्या एकरात मी टेप धरून, दोऱ्या ताणून चुन्याच्या पांढऱ्याशुभ्र रेघा मारल्या. काय देखणे चौकोन पडले म्हणून सांगू!

आता तुम्हीच सांगा, रस्त्यालगतच्या वावरात पांढरे चौकोन कधी दिसतात? प्लॉट पाडले की! दुपारपर्यंत दोन मोटारसायकली थांबल्या. एकाने भाव विचारला, दुसऱ्याने कोपऱ्याचा प्लॉट राखून ठेवायला सांगितलं. मी त्यांना इंग्लंडची शेती समजावली. त्यांना वाटलं, भाव वाढवायची ही नवी तऱ्हा.

बातमी ऐकून संध्याकाळी नेरहून मोठे बाबा, म्हणजे आमचे थोरले काका, थडकले. सातबारावर त्यांचंही नाव. पुतण्याने न विचारता वावर विकायला काढलं, अशी त्यांची खात्री! वडिलांच्या मागे ज्यांनी आम्हाला वाढवलं, त्यांनी विनोदच्या हातचं पाणीसुद्धा घेतलं नाही. त्याचा चेहरा पाहवेना.

मी घाईघाईने सगळं कबूल केलं. रेघा माझ्या, चुना माझा, इंग्रजही माझाच.

"म्हंजे वावर विकून नाही राह्यले तुमी?"

"नाही."

"मंग चुना कायले?"

"माती सुधारायला."

त्यांनी कोऱ्या पट्टीत हातभर उकरून एक पांढरट खडा काढला, बांधावरचं लिंबू तोडलं आणि त्यावर पिळलं. खडा सोड्यासारखा फसफसला.

"पाय बाई. चुना लावलेल्या पानाले तू आणखीन चुना लावतं काय?"

विनोदने पुन्हा तांब्या पुढे केला. या वेळी ते गटागटा प्यायले.

मी मात्र दोऱ्या गुंडाळायला घेतल्या. कारण तो इंग्रजही आधी मातीवर शिरका, म्हणजे व्हिनेगर, ओतून बघायचा आणि ती फसफसली, तर चुन्याला हात लावायचा नाही. मला कसं ठाऊक? माझ्या प्रबंधाचं अख्खं तिसरं प्रकरण त्यावरच आहे!