पेनियासींच्या नावानं गेलेलं पत्र

वासिती मला पहिल्यांदा दिसली ती तिच्या आजोबांच्या पाठीमागे. शाळेचा पहिला दिवस होता. पेनियासी वर्गाच्या दारात मांडी घालून बसले, काही मागताना मानानं पुढे ठेवतात ती यंगोनाच्या मुळांची जुडी त्यांनी माझ्यापुढे ठेवली आणि ही मुलगी कुणाची, कुठली, तिला काय शिकायचंय, हे अशा आवाजात सांगितलं की शेजारच्या वर्गातली पोरंही गप्प झाली. मी विचारलं, "बाळ, तुझं नाव काय?" तिनं आजोबांच्या पाठीकडे पाहिलं.

"वासिती," पेनियासी म्हणाले.

"तिला सांगू द्या ना."

"मॅडम, आमच्या घरात कुणी स्वतःसाठी बोलत नाही. आम्ही दुसऱ्यासाठी बोलतो."

आमच्या कांदावू बेटावर हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांचं घर पिढ्यान्‌पिढ्या सरदाराच्या वतीनं बोलत आलेलं. सोयरीक जुळवायची, कुणाची माफी मागायची, तर ते पेनियासींच्या तोंडून. त्यांना स्वतःच्या छपरासाठी पत्रे हवे होते तेव्हा मात्र पुतण्या बोलायला आला आणि हे मागे मान खाली घालून बसले. वासितीही तशीच. वर्गात हात वर करायची तो शेजारणीसाठी. "मॅडम, हिला पाणी प्यायचंय." स्वतःचा घसा सुकला तरी गप्प.

ती राजधानीहून, सुवाहून, पदवी घेऊन परतली त्याच वर्षी पेनियासी गेले. मुलगी पळवणाऱ्या एका पोराच्या वतीनं माफी मागायला ते होडीनं पलीकडच्या खाडीकडे निघाले होते. होडी गावासमोरच्या प्रवाळ खडकाच्या कडेला सापडली. इंजिन नीट वर उचललेलं, यंगोनाची जुडी फळीखाली कोरडी, जणू कुणी सावकाश उतरून गेलं होतं. पेनियासी सापडलेच नाहीत. पुरायला काही नाही, म्हणून थडगंही नाही.

रिवाजाप्रमाणे त्यांच्या नावानं तो प्रवाळ शंभर रात्रींसाठी बंद झाला. तिथे गळ नाही, जाळं नाही. वासिती रोज सकाळी डोळ्यांना काच लावून तिथे उतरायची आणि मासे मोजायची. गावाला वाटे, ती त्यांना शोधतेय. मलाही तसंच वाटे. पण मोजणी खरी होती. आधी बारीक मासे वाढले, मग त्यांच्यामागून मोठे आले, काही तर म्हाताऱ्यांनीही बऱ्याच वर्षांत पाहिलेले नव्हते. बंदी उठली त्या दिवशी सगळं गाव नारळाच्या दुधात शिजवलेले मासे जेवलं. वासितीनं ताटाला हात लावला नाही.

त्या मोजणीवर तिला पुढे संशोधन करायचं होतं, ऑस्ट्रेलियात. तिथे अर्जाच्या आधी एखाद्या प्राध्यापकानं 'हिला मी घेतो' असं म्हणावं लागतं, आणि त्यासाठी आपणच त्यांना लिहायचं असतं. फोनला रेंज माझ्या व्हरांड्यात येते, म्हणून ती तिथे येऊन बसायची. कुणाचंच उत्तर येईना. एकदा मी म्हटलं, दाखव बघू काय लिहितेस. 'मान्यवर प्राध्यापक, मी वासिती. तसदीबद्दल क्षमा असावी. आभारी आहे.'

"अगं, यात मागितलंयस काय?"

"ते मी कसं मागू, मॅडम? बरं दिसतं का?"

पुढे काही दिवस ती आली नाही. मग एका दुपारी आली आणि फोन माझ्या हातात दिला. इंग्रिड हॅलम नावाच्या प्राध्यापकबाईंचं उत्तर होतं. वर नाव होतं पेनियासींचं.

मासेमारी खात्याशी पत्रव्यवहार करता यावा म्हणून वासितीनं पूर्वी त्यांच्या नावानं एक ईमेल खातं उघडून दिलं होतं. ते बोलायचे, ती टाइप करायची. त्याच खात्यावरून पत्र गेलं होतं. 'मी पेनियासी आपल्यापुढे बसलो आहे. माझी नात माझ्या पाठीशी आहे. तिनं समुद्रात जे पाहिलं ते मी आपल्यापुढे ठेवतो…' वाचताना माझी नजर आपोआप दाराकडे गेली.

"हे तू लिहिलंस?"

"लिहायला बसले मी. पण एकही शब्द शोधावा लागला नाही. तुकाय बोलत गेले, मी टाइप करत गेले. नेहमीसारखं." आजोबांना ती तुकाय म्हणायची.

बाईंनी लिहिलं होतं: 'असा परिचय करून देणारं पत्र मला आजवर आलं नव्हतं. आकडे फार महत्त्वाचे वाटतात. पुढच्या महिन्यात मी सुवाला येते आहे. नातीला घेऊन आपण भेटाल का? आणि एक विचारायचं राहिलं. तो प्रवाळ कुणाच्या मृत्यूसाठी बंद केला होता?'

वासितीची आत्या लिती तिथेच पायरीवर कसावाचे कंद सोलत बसली होती. ती हसली. "मेले म्हणून बाबा गप्प बसतील असं वाटलं होतं का तुला? जिवंतपणी तरी कुणाला बोलू दिलं त्यांनी?"

"आत्या, थट्टा नको गं. उत्तर काय देऊ?"

"त्यांनाच विचार. सुरुवात त्यांनी केलीय."

हसून झाल्यावर पेच लितीच्याही लक्षात आला. खरं सांगितलं तर खोट्या नावानं लिहिणारी म्हणून बाई दार लावून घेतील. खरं लपवलं तर सुवाला भेटायला न्यायचं कुणाला? अर्जाची मुदत जवळ आली होती, आणि उत्तर देणाऱ्या त्या एकट्याच बाई.

"तू तुझ्या नावानं लिही," मी म्हणाले.

"बोलणारा बोलत असताना मागच्यानं तोंड घालायचं नसतं, मॅडम."

"आणि बोलणारा उठून गेला तर?"

"मग त्याची जागा मागून घ्यावी लागते."

होडीत सापडलेली जुडी लितीनं वाशाला टांगून ठेवली होती. दुसऱ्या सकाळी ओहोटी लागल्यावर वासिती ती घेऊन प्रवाळाच्या कडेपर्यंत चालत गेली. लिती आणि मी मागे उभ्या राहिलो. गुडघाभर पाण्यात बसून तिनं जुडी पुढे ठेवली आणि बोलायला लागली. सुरुवातीला घसा खाकरला तो हुबेहूब पेनियासींसारखा. लितीनं माझं मनगट घट्ट धरलं. वासितीनं आधी गावाचं नाव घेतलं, मग त्यांचं, आणि शेवटी स्वतःचं. तिच्या तोंडून तिचं नाव मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. जुडी थोडा वेळ जागच्या जागी तरंगली, मग वाऱ्याच्या उलट दिशेला निघाली. ओढीचं पाणी असेल. लिती तसं मानत नाही.

त्याच दुपारी तिनं स्वतःच्या खात्यावरून लिहिलं. 'ज्यांनी आपल्याला लिहिलं ते माझे आजोबा. प्रवाळ त्यांच्यासाठीच बंद होता. पत्र मी टाइप केलं, ते आपल्यापासून लपवलं, याची क्षमा मागते. मासे मी मोजले. बंदी उठल्यावर त्यातलं काय टिकतं, हे मला शिकायचं आहे. मला आपल्या हाताखाली घ्याल का?'

बाईंचं उत्तर लगेच आलं नाही. आलं ते अगदी लहान होतं. 'सुवाला या. आकडे घेऊन या.'

पहिलं पत्र कुणाचं, हे बाईंनी तिला भेटीत पुन्हा विचारलं नाही. मीही कधी विचारलं नाही.

वासिती आता ऑस्ट्रेलियात टाउन्सविलला असते, सॉलोमन बेटांवरच्या एका मुलीबरोबर खोली घेऊन. संशोधनाचं दुसरं वर्ष चालू आहे. मासे ती अजून खात नाही.